चंदेरी खोळ

आमच्या बाबांना उघडी वस्तू बघवत नाही. गाड्यांची सीट कव्हरं शिवण्यात त्यांचा जन्म गेला. दुकान बंद झालं, पण हात काही स्वस्थ बसले नाहीत. घरात रिमोटला खोळ, मिक्सरला खोळ, इस्त्रीला खोळ. माझं लग्न जमेना तेव्हा ताई म्हणाली होती, "बाबा, यालाही एक शिवा. उघड्यावर पडून खराब होतोय."

या ताईचा भरतकामाचा कारखाना आहे. रस्त्याच्या अलीकडे ऑफिस, पलीकडच्या इमारतीत यंत्रं. मी नोकरी सोडून नेटवर्कचा धंदा काढला आणि पहिलं गिऱ्हाईक कोण, तर घरचंच. दोन्ही गच्च्यांवर एकमेकींकडे तोंड करून दोन छोट्या डिश लावल्या. ऑफिसातून नक्षी पाठवली की क्षणात पलीकडच्या यंत्रावर हजर. मी हवेत. लगेच कार्डं छापली आणि नावाखाली 'वायरलेस तज्ज्ञ' असं टाकलं. छापणाऱ्याने दोनदा विचारलं, "नक्की ना?"

थोड्याच दिवसांत सगळं ढेपाळलं. एक नक्षी जायला इतका वेळ लागायचा की कारागीर पेन ड्राइव्ह घेऊन रस्ता ओलांडायला लागले. ताईने स्पष्टच सांगितलं, "शनिवारपर्यंत नीट कर, नाहीतर मी कंपनीचा माणूस बोलावते." सख्ख्या बहिणीने पहिलं काम काढून घेतल्यावर दुसरं कोण देणार? माझं धाबं दणाणलं.

मग तज्ज्ञसाहेब ऑफिसात लॅपटॉप उघडून बसले. सिग्नल अगदीच क्षीण दिसत होता. मी चॅनल बदलले, केबल बदलली, अलीकडची डिश इंच इंच फिरवली. शेजारच्या दंतवैद्याच्या वायफायचा संशय आला म्हणून त्याचा राउटर बंद करायला लावला. फरक शून्य, आणि आता दाढ दुखली तरी तिकडे जायची सोय राहिली नाही.

पलीकडची डिश? ती शिडीवर चढून पाहावी लागते आणि शिडी दिसली की मी दोन पावलं मागे सरकतो. बसवतानाही इलेक्ट्रिशियन वर होता आणि मी खालून सूचना सोडत होतो. म्हणून बाबांना पाठवलं. ते सरसर चढून बघून आले.

"एकदम व्यवस्थित आहे. कणभर धूळ बसलेली नाही."

मी निर्धास्त झालो. उघड्या गच्चीवर धूळ का बसत नसावी, हा प्रश्न तज्ज्ञाला पडला नाही.

शनिवारी ताईने कंपनीचा नंबर काढला, तेव्हा नाइलाजाने मी शिडी चढलो. बाबांनी खालून धरली होती. वर पोचलो आणि बघतच राहिलो. डिशने चंदेरी खोळ घातली होती. गाडी उन्हात तापू नये म्हणून वापरतात तेच धातूचा मुलामा दिलेलं कापड. कडेला पायपिंग, खाली वायरपुरती चेन. त्यातून सिग्नल कसाबसा झिरपत होता. तोंडावर उशी दाबून माणसाला बोलायला सांगावं, तसं माझं चाललं होतं.

खोळ काढली. खाली कारागिरांचा गलका झाला, नक्षी आली म्हणून.

खोळ हातात घेतली तर टाके हातचे, वाकडेतिकडे. शिवणयंत्राची सुई बोटातून गेल्यापासून ताईने बाबांना यंत्रावर बसू दिलं नव्हतं. खोळीच्या आतल्या बाजूला, जिथे ते पूर्वी आपल्या दुकानाचं लेबल लावायचे, तिथे त्यांनी माझं कार्ड शिवलं होतं. वायरलेस तज्ज्ञ. मला रडू आलं.

"काय झालं होतं रे?" ताई खालून ओरडली.

"डिश वाकडी बसली होती. माझीच चूक," मी खोळ काखेत मारून उतरता उतरता म्हणालो.

"वाटलंच मला! कंपनीचाच माणूस बरा."

बाबांना माझ्या काखेतली खोळ दिसली. ते काय ते समजले.

"त्याची नाही गं, चूक माझी आहे. मी झाकली होती डिश. त्याने शोधून काढलं. कंपनीला कशाला बोलावतेस, घरात तज्ज्ञ असताना?"

ताईने माझ्या काखेतून खोळ ओढून घेतली. टाक्यांवरून बोट फिरवलं, कार्ड वाचलं आणि मला विचारलं,

"चंदेरी नको, साध्या कापडाची चालेल का रे?"

"चालेल," मी म्हणालो. "साध्या कापडाने सिग्नल अडत नाही."

"चला बाबा, यंत्रावर शिवा. मी शेजारी बसते."

बाबा शिडी सोडून तिच्यामागे निघाले, कापड कोणतं घ्यायचं ते विचारत. मी मात्र अजून मधल्या पायरीवरच होतो.