गोवऱ्यांखालचं चित्र

दौंडच्या हौशीराम पेंटरची अक्षरं म्हणजे हाणामारीच! पिठाच्या गिरणीची साधी पाटी वाचली तरी माणसाची मूठ वळायची. त्याला तरी काय बोल लावायचा? हात बसला तोच मुळी बेचाळीसच्या चळवळीत, इंग्रजाविरुद्ध भिंती रंगवताना. पुढं दुष्काळाचे मोर्चे निघाले, मजुरांचे निघाले; फलक सगळे हौशीरामचे. पण खाली सही? कधीच नाही. सही केली की पोलीस दारात, हे डोक्यात बसलं ते बसलंच.

बेचाळीसात त्याच्या मागं शेणाची पाटी घेऊन धुरपदाअक्का असायची. हा डांबरानं घोषणा लिहायचा, अन् शिपाई दिसला की ती वरून गोवऱ्या थापायची. वाळल्या की काढून न्यायची, घोषणा पुन्हा गावापुढं हजर. असली खमकी बाई, पण तिचं नाव स्वातंत्र्यसैनिकांच्या कुठल्याच यादीत आलं नाही. हौशीरामच्या जिवाला ते लागून राहिलं होतं.

म्हणून स्वातंत्र्याच्या पन्नाशीला, सत्त्याण्णव साली, अक्काच्याच वाडीतल्या शाळेची भिंत रंगवायला मिळाली तेव्हा त्यानं मधोमध अक्का काढली, शेणाच्या पाटीसकट. सरपंच आनंदरावांना ते रुचलं नाही. शाळेच्या भिंतीवर शेण कसलं दाखवता, तिथं आमच्या वडलांना घ्या, नाहीतर उद्या मीच पांढरा रंग फिरवतो, असं त्यांनी बजावलं. त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा लेकरासारखा रडला.

अक्काच्या ते कानावर गेलं. सकाळी सरपंच रंगाचा डबा घेऊन येतात तर काय, चित्रभर ओल्या गोवऱ्या! वाळल्या की काढते, म्हणाली अक्का, अन् तिथंच ढिम्म बसली. शेणात हात कोण घालणार? झाकलंय ना, मग झालं, म्हणून सरपंच परत गेले.

पंधरा ऑगस्टला झेंडा चढला, अन् साऱ्या गावादेखत अक्कानं एकेक गोवरी उपटली. तेलरंगाला ओरखडासुद्धा नव्हता. आधी पाटी दिसली, मग हात, मग तोंड. गावानं टाळ्यांचा कडकडाट केला. आता पांढऱ्या रंगाचं नाव काढायची सरपंचांची छाती झाली नाही.

हौशीरामनं ब्रश मागवला. जन्मात पहिल्यांदा चित्राखाली नाव घातलं: धुरपदा. शेजारी, जरा बारीक, हौशीराम.

"काय लिवलंस रं, हौशा?" अक्काला वाचता येत नव्हतं.

"आपली नावं, अक्का."

अक्कानं सवयीनं रस्त्याकडं पाहिलं आणि तिचा हात पायाजवळच्या शेणाच्या पाटीकडं गेला. हौशीरामनं तो अलगद धरला.

"ऱ्हाऊ दे. आता झाकायचं न्हाई."