गौरीचा अकराचा तास

सकाळी अकराला मी पंप बंद करतो. शिंपणं अर्धवट टाकून पंप बंद करणारा नागावात मी एकटाच बागाईतदार असेन. आणि कोणाच्या धाकाने? शेजारच्या वाडीतल्या गौरीच्या.

ज्या मुलांना बोलणं जमत नाही, त्यांना गौरी लॅपटॉपवरून बोलतं करते. पडवीत बसून तास घेते. पण वाडीत शांतता कुठली? माझा पंप, सुपारी सोलणाऱ्या बायकांच्या गप्पा, किनाऱ्यावरच्या बोटींची घरघर. म्हणून तिने आवाज गाळणारं सॉफ्टवेअर घेतलं. इकडचा गोंगाट तिकडे जायला नको, तिकडचा इकडे यायला नको. मला बरंच वाटलं. माझ्या पंपावरची पीडा टळली.

पालीची चार वर्षांची जागृती तेवढी बोलेना. गौरी ओठ मिटून 'म्म्म' करायची, पोर नुसती बघत राहायची. शेवटी तिची आई भाविका हिरमुसून म्हणाली, "मॅडम, थांबवू या आता. तुमच्यासमोर ती रोज गुणगुणते, तुम्ही एकदाही तिला उत्तर देत नाही."

"माझ्यासमोर? मला तर काहीच ऐकू येत नाही!"

दुसरी कोणी नेटवर खापर फोडून मोकळी झाली असती. गौरीने आपलाच तास रेकॉर्ड करून ऐकला. शब्द सगळे स्वच्छ, 'म्म्म'च्या जागी मात्र शुकशुकाट. एकसुरी आवाज म्हणजे पंपच, असं समजून ते शहाणं सॉफ्टवेअर तिचंही गुणगुणणं पुसत होतं आणि पोरीचंही.

तिने ते बंद केलं आणि तडक माझ्याकडे आली. "काका, अकराला पंप बंद."

मी कुरकुरलो.

"तुमचे माड थांबतील. ती पोर आता नाही थांबायची."

मी पंप बंद करून तिच्या मागोमाग पडवीत गेलो. सुपारीवाल्या बायकाही गप्प बसल्या. माडावर चढलेला भागोजी पाडेली कोयता कमरेला लावून वरच थांबला. नारळ पाडायचा तर आधी खालच्यांना हाळी द्यावी लागते, आणि आज हाळीला बंदी होती.

गौरीने 'म्म्म' केलं. लॅपटॉपमधून बारीकसं 'म्म्म' आलं. तिने पुन्हा केलं, पुन्हा आलं. पोर पडद्याला नाक लावून हसत होती. तिकडे भाविका रडत होती, इकडे मीही डोळे पुसले. त्यात लपवायचं काय!

भागोजीला वर राहवेना. "वयनी, बोलली काय गो पोर?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"बोलतच होती रे," गौरी म्हणाली, "आम्हीच तिला पुसत होतो."