रेणुकाची डबी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — घरी नाही, ज्या वर्तमानपत्रात काम करतो तिथेही नाही.

बातमीदार होण्याआधी मी एका लसीच्या प्रकल्पावर होतो. जिआर्डिया नावाचा डोळ्यांना न दिसणारा परजीवी पाण्यातून मुलांच्या पोटात जातो, जुलाब थांबत नाहीत. त्यावर लस बनवायची, तर त्याची लागण कोणत्या मुलांना होते हे आधी कळायला हवं. म्हणून सोलापुरातून दर सोमवारी वळसंग गावात जाऊन लहान मुलांच्या शीचे नमुने आणायचे — हे माझं काम. प्रत्येक घराची पाळी महिन्यातून एकदा. नमुन्यात परजीवी सापडला, तर त्या मुलाला औषध मिळायचं.

मला किळस यायची. कशाची? तेव्हा वाटायचं — डब्यांची.

महादेवीताई आपल्या दोन वर्षांच्या मुलीची, रेणुकाची, डबी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवायची. नमुना उन्हानं खराब होऊ नये म्हणून. एका सोमवारी त्या डबीचं झाकण सैल निघालं. आतलं माझ्या बोटांवर आलं. गावाबाहेर येऊन मी ती ओढ्यात फेकली — होय, पाण्यात, मी. मग शेजारच्या मुलाच्या नमुन्यातला थोडा काढून नव्या डबीत घातला आणि वर रेणुकाचं नाव लिहिलं. मागे फिरून पुन्हा नमुना मागायला किती वेळ लागला असता?

अहवाल आला. परजीवी नाही. म्हणजे औषध नाही.

पुढच्या सोमवारी महादेवीताईनं मला दारात गाठलं. "दादा, रिपोर्ट चांगला हाय म्हंता, मग पोरगी अशी वाळायली का?"

उत्तर माझ्याकडे होतं. मी विचारलं, "ताई, भरवण्याआधी हात धुता का?"

सासू आतून म्हणाली, "इचारा की. शेणाच्या हातानं भरवती ती."

तिचे धुतलेले हात मी कितीदा पाहिले होते. तरी मी पुढच्या घराकडे वळलो. त्यानंतर मी गल्लीत दिसलो की महादेवीताई दोन्ही तळवे पुढे करून दाखवायची. मी पाहायचो. मान डोलवायचो — हे लिहितानाही तोंडात कडू येतं. महिनाभर रेणुका वाळत गेली. महिनाभर मी मान डोलवली.

पुढच्या पाळीला मी खरा नमुना नेला. परजीवी सापडला. औषध मिळालं, जुलाब थांबले. चुकीचा अहवाल मात्र प्रकल्पाच्या कागदांत तसाच राहिला, अजूनही असेल. आता बातमीतलं प्रत्येक नाव मी दोनदा तपासतो. लोक त्याला शिस्त म्हणतात.

औषधाची बाटली घेताना महादेवीताईनं विचारलं होतं, "इतकं हात धुतलं तरी निघालंच की. म्हंजी माजंच कुटंतरी चुकलं, न्हाय का दादा?"

मी म्हणालो — हो.