घासलेली आर

दरामानला हरणं पचत नाही, हे मलेशियातल्या क्लांतानमधल्या त्या नदीकाठच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पहाटे रबराच्या झाडांचा चीक काढायचा, दुपारी सुतारकाम करायचं आणि भाताची कापणी उरकली की भोवरा फिरवायचा, असं त्याचं अठ्ठावन्न वर्षांचं आयुष्य. भोवरा म्हणजे पोरासोरांचा नव्हे. ताटाएवढा रुंद, कडेला कथलाचं कडं, वजन चांगलं पाच किलो. दरामान तो जाळीने, म्हणजे भोवती दोरी गुंडाळून, फेकायचा आणि त्याच्या बायकोचा भाऊ जूसोह फिरता भोवरा फळीवर अलगद उचलून खुंटावर नेऊन ठेवायचा. ज्याचा भोवरा जास्त वेळ फिरला, तो जिंकला. बावीस वर्षांची जोडी होती ही.

मध्ये तीन वर्षं तेवढी तुटली होती. एकदा हरल्यावर दरामानने भर मैदानात मेव्हण्याला थोटा म्हटलं होतं. ईदलाही दोघं एकमेकांच्या दारात गेले नाहीत. शेवटी बायकोने रडूनभेकून दिलजमाई केली.

आज वरच्या गावाशी अखेरचा सामना होता. सामन्याच्या दिवशी आरेला, भोवऱ्याच्या खालच्या लोखंडी टोकाला, हात लावायचा नाही, हा जूसोहचा दंडक. पण सकाळी दरामानच्या डोक्यात किडा वळवळला. आर अजून टोकदार केली तर? त्याने कानस चालवली, चार हात जास्त फिरले आणि आर केसभर तिरकी झाली. तो कुणाला काही बोलला नाही.

फेक झकास बसली. जूसोहने भोवरा उचलून खुंटावर ठेवला. शेजारच्या खुंटावर वरच्या गावाचा भोवरा. दोन्ही इतके स्थिर की फिरतायत असं वाटूच नये. दरामान उकिडवा बसून स्वतःच्या भोवऱ्याची कड बघत राहिला. अर्धा तास गेला. चाळिसाव्या मिनिटाला कड किंचित हलली. ते फक्त त्यालाच दिसलं. बावन्नाव्या मिनिटाला भोवरा कलंडून खाली आला. शेजारचा आणखी अकरा मिनिटं फिरला.

"ठेवतानाच हात थरथरला तुझा," संघाचा म्होरक्या ताम जूसोहला म्हणाला. "मी बघितलं ना डोळ्यांनी. पुढच्या वर्षी फळीला दुसरा कुणीतरी बघू."

जूसोहने स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "असेल बाबा. वय झालं आता. घ्या फळी."

दरामानला हायसं वाटलं. खरंच वाटलं, आणि त्याची त्याला शिसारी आली. नुसतं गप्प बसायचं होतं, एवढंच. जूसोहने फळी तामच्या हातात दिली आणि चपला पायात सरकवल्या.

"थांब," दरामान म्हणाला. "त्याचा हात नाही थरथरला. आर मी घासली सकाळी. तिरकी झाली. मी हरवलं तुम्हाला."

तामने भोवरा उलटा केला, आरेवरून बोट फिरवलं आणि फळी मुकाट्याने जूसोहला परत दिली. दरामान मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभा राहिला. त्या खायची त्याची तयारी होती.

जूसोह शिव्या देईना. त्याने भोवरा फळीवर ठेवला, फळी जराशी कलती केली आणि बघत राहिला.

"सकाळी सांगायचं होतंत ना, दाजी," तो म्हणाला. "ठेवताना एवढा कल दिला असता की भागलं असतं. जिंकलो असतो आपण."

हरणं दरामानने आज कसंबसं गिळलं होतं. हे मात्र घशाखाली उतरेना. तो तिथेच मातीत बसला आणि चारचौघांत रडला.