काठीचे दुसरे टोक

जानकी गेल्याचा निरोप मला पौडच्या बाजारात मिळाला. बोलवायला आलेला शेजारी "दादा, घरी चला" एवढेच म्हणाला. पण त्याने टोपी काढून हातात धरली होती. मी समजलो. तसाच त्याच्याबरोबर आमच्या गावी, कासार आंबोलीला, निघालो. सकाळी मी निघताना ती तापातही उठून बसली होती. "दिवं लागायच्या आत या, दादा. गोठ्यात जायचंय मला," म्हणाली होती... त्याला आता दीड महिना झाला.

जानकी माझी भावजय, धाकट्या सखारामची बायको. सखाराम मुंबईला गिरणीत, ती आमच्याजवळ. महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या आदल्या वर्षी तिला क्षय झाला. पुण्याच्या दवाखान्यात इंजेक्शने घेऊन ती बरी झाली. खोकला गेला, अंगही भरले. पण त्या औषधाने कानातला तोल गेला आणि तो परत यायचा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. उजेडात ती जमिनीकडे बघत कशीबशी चाले. दिवस मावळला की आपण उभे आहोत की कललो आहोत हेच तिला कळत नसे, आणि ती पडे. माझ्या बायकोने काखेत हात घालून धरले तर दोघी पडत. वेळूची जाड काठी दिली, तर तिच्यावर रेलून काठीसकट आडवी होई.

मी थोरला दीर. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर पदर सावरून उभी राहते. हात धरण्याचा प्रश्नच नाही. ती पडलेली दिसली तरी मी बायकोला हाक मारायचो आणि तिथेच उभा राहायचो.

एका संध्याकाळी ती गोठ्याकडून एकटी येताना दिसली. गोठ्याला भिंतीऐवजी कारवीच्या बारीक काठ्यांचा कूड आहे. त्यावर तिने एक बोट ठेवले होते. धरले नव्हते, नुसते टेकवले होते. आणि ती सरळ चालत होती. कूड संपला तशी थांबली. मी कुडातली एक सुटी कारवी उपसली, एक टोक स्वतः धरले आणि दुसरे तिच्याकडे केले. ती घट्ट धरील असे समजून मी जरा ओढलेही.

"वढू नगा, दादा. निस्ती बोटाला लागू द्या. मग कळतंय मला."

कारवी ती केवढी, अंगठ्याएवढी जाड. भार टाकला असता तर मोडली असती.

पुढच्या शिमग्याला सखाराम आला तो तिला माहेरी, नांद्याला पोचवायचे ठरवूनच. "दादा, तुमच्यावर भार तरी किती दिस टाकायचा?" म्हणाला. जानकीचे आईबाप गेलेले. भावांच्या दारात जन्म काढायचा म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते. ती चुलीपासून उठली.

"कंदील हितंच ठिवा. दादा, फुडं व्हा."

अंधारात आम्ही ओढ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. सखाराम मागून येत होता. परतताना ठेच लागली ती त्यालाच. माझी बायको दारातून म्हणाली, "भावजी, तुमाला बी काढू का एक कारवी?" सखाराम हसला नाही. जेवताना मान खाली घालूनच म्हणाला, "ऱ्हाऊ दे हिला हितंच."

तेव्हापासून संध्याकाळची फेरी आमची. ती थकली की टोक थरथरे, ते माझ्या हाताला कळे. माझेही तिला कळे. "आज वाकून चालताय, दादा. काठी खाली आली." मी पाठ सरळ करी. उंबरा आला की मी "उंबरा" म्हणे आणि ती पाय उचले. यापलीकडे आमचे फारसे बोलणे नसे.

ती गेली त्या दिवशी मी तिरडीला खांदा दिला. इतक्या वर्षांत तिचा भार माझ्यावर पहिल्यांदाच आला... फार नव्हता.

कारवी अजून दाराआड उभी आहे. बायकोने एकदा ती सरपणात टाकायला उचलली आणि स्वतःच परत जागेवर ठेवली. संध्याकाळी गोठ्यात जाताना मी ती घेतो, दुसरे टोक मागे करून. येताना तोंडातून "उंबरा" निघून जाते. मग ध्यानात येते, मी वाकलो आहे आणि मागचे टोक जमिनीला घासत आले आहे. तिथेच थांबून मी पाठ सरळ करतो. टोक तिच्या बोटाच्या उंचीवर येते. मग मी आत जातो.