भाषणकाकांनी खरवडलेली जागा

भाषणकाकांनी सगळी नोकरी जमीनमोजणीच्या कचेरीत मान खाली घालून नकाशे उतरवण्यात काढली. तेव्हा तोंडातून चकार शब्द निघत नसे. निवृत्त झाले आणि तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तसे बोलू लागले. विषय एकच, टेकडीवरचे आदिवासी आणि त्यांचे हक्क. विषय चांगलाच हो, पण काका दूधवाल्यालाही पायरीवर उभं करून ऐकवत, तोवर दूध नासायची वेळ येई.

टेकडीच्या उतारावर आदिवासींनी कैक पिढ्या आपली माणसं पुरली होती. तिथे आता बसगाड्यांचा डेपो व्हायचा होता. कचेरी म्हणे, नकाशात तर ती मोकळी जमीन आहे. बुधवारी सुनावणी होती. टेकडीच्या बाजूने बोलायला पंधरा मिनिटं मिळणार होती आणि काकांनी अकरा पानं लिहून काढली.

"अहो, माणसं त्यांची पुरलीत, तर त्यांना बोलू द्या की," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"त्यांना कचेरीची भाषा जमत नाही गं."

"आणि तुम्हाला थांबायचं जमत नाही."

मंगळवारी टेकडीवरची मावशी घरी आली. ऐंशीच्या घरातली, काटक. तिची आई त्याच उतारावर होती. काकांनी तिला खुर्चीत बसवून भाषण वाचायला घेतलं. चौथ्या पानावर मावशीला डुलकी लागली. सातव्यावर जाग आली तशी म्हणाली,

"भाऊ, आमची जागा पूर्वी नकाशात होती म्हणतात. मग गेली कुठे?"

काकांनी उरलेली पानं खाली ठेवली. काकूंच्या हातातली भाजी तशीच राहिली.

"मीच घालवली," काका म्हणाले.

नोकरीत असताना एकदा या टेकडीच्या जुन्या नकाशाची नवी प्रत काढायची होती. नकाशे पातळ कापडावर काढत; शाई चुकली की ब्लेडने हलके खरवडायची, ही तिथली रीत. जुन्या नकाशात उतारावर बारीक ठिपके होते, शेजारी 'दफनाची जागा' लिहिलेलं. काकांनी ते उतरवलंही होतं. साहेब म्हणाले, नोंदवहीत नाही ते नकाशात नको. काकांनी इतकं सफाईने खरवडलं की साहेबांनी पाठ थोपटली.

मावशी त्यांच्या बोटांकडे बघत राहिली.

"या अकरा पानांत हे कुठे आहे?"

"नाही."

"मग उद्या एवढंच सांग. बाकीचं मी बघते."

सुनावणीत काका दोनच मिनिटं बोलले. ते कापड मागवा, म्हणाले, आणि खिडकीशी धरा. धरलं, तर उतारापाशी कापड विरलेलं, कडेला तीन ठिपके चुकून राहिलेले. काकांना पुन्हा चेव आला. ते उठू लागले तशी मावशीने सदरा धरून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली. उरलेली तेरा मिनिटं तिने पुरलेल्यांची नावं सांगितली, एकेकाचं, कोण कुणाचं हे धरून. कचेरीची भाषा ती फर्डी बोलत होती. काकांनी तिला कधी विचारलंच नव्हतं.

डेपो दुसरीकडे गेला. जागा नकाशात परत घालायची ठरली, आणि शाईचं काम येणारा हात एकच उरला होता. मावशी शेजारी बसून दाखवू लागली.

"इथे एक झाड काढू का? शोभेल," काका म्हणाले.

"तिथे झाड आहे का?"

"नाही."

"मग?"

काकांनी झाड सोडलं. मावशीने आपल्याला माफ केलं का, हे विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तो ठिपका जरा डावीकडे घे," मावशी म्हणाली. "आई तिथे आहे."

काकांनी पेन डावीकडे नेलं.