दोन स्पीकरांच्या मधे

आमचे हे बोटीवर होते. एका खेपेला त्यांनी परदेशातून ॲम्प्लिफायर आणला, लाकडी खोक्याचा, उचलताना कंबर धरावी असा जड. दोन बाजूंना दोन स्पीकर आणि समोर बरोब्बर मधे यांची खुर्ची. गाणं लावलं की स्वयंपाकघरात हाक यायचीच, "अगो, ये ना जरा! इथे बसून ऐक. गाणारी कशी मधोमध उभी राहते बघ, जिथे काही ठेवलेलंच नाही तिथे!"

मी म्हणायची, "उभीच आहे तर तिला म्हणावं, नारळ खोवून दे."

हसायचे. हाक मारायचं काही सोडलं नाही त्यांनी. आणि मी काही गेले नाही हो. भात उतरायचा असायचा, बांगडे साफ करायचे असायचे. म्हटलं, उद्या ऐकू.

हे गेल्यावर स्पीकर वाळवीने खाल्ले. यंदा मनाने घेतलं, एकदा तरी त्या खुर्चीत बसायचंच. नवीन घ्यायची ऐपत नाही. लांज्याच्या एका मंडपवाल्याकडे जुने स्पीकर पडून होते, ते एसटीने आणले, एक मांडीवर, एक पायाशी. गाणी मोबाईलमधली. बाजारातला रेडिओ दुरुस्तीवाला घरी आला, ह्यांच्या ॲम्प्लिफायरची खाऱ्या हवेने गंजलेली बटणं साफ केली, वायरी जोडल्या.

बसले. गाणं सुरू झालं.

"अरे, डावा बंद आहे. सगळं उजवीकडनंच येतंय."

त्याने वायर बदलली. मग स्पीकरच इकडचा तिकडे केला. "आता?"

"डावाच बंद."

तो डाव्याला कान लावून बसला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "काकी, फोन कुठल्या कानाला लावता?"

उजव्या. कधीपासून, तेही आठवेना.

बिचारा ओशाळला. एक बटण दाबून म्हणाला, "हे मोनो. दोन्हीकडचं एकत्र होऊन येतं. आता काही सुटणार नाही."

खरंच, पेटी जरा ठळक झाली. तबला, गळा, सगळं आलं, उजव्या अंगाने. मी मधे बघत राहिले. भिंत होती, कॅलेंडर होतं.

"येतंय ना ऐकू सगळं?"

"येतंय हो," म्हटलं. त्याला काय सांगायचं? दोन्ही कान धड होते, तेव्हा बोलावणारा माणूस होता.